कबरीवर कोणती झाडं लावायची, रोज पाणी घालायला कोणी नसेल तर

आईची कबर नगर जिल्ह्यात गावाकडे आहे आणि आम्ही सगळे पुण्यात, त्यामुळे जाणं होतं ते 2 नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी आणि मग थेट मेच्या सुट्टीत. पहिल्या वर्षी आम्ही गावठी गुलाब लावला, आईच्या दारात कायम असायचा म्हणून, आणि मेमध्ये गेलो तर नुसत्या काड्या. पुढच्या वर्षी शेवंती लावली ती शेळ्यांनी खाल्ली. तेव्हापासून झाड निवडताना आधी फूल बघत नाही, एप्रिल-मे निघेल का ते बघतो.

आधी फादरना किंवा कबरस्तान कमिटीला विचारा, काही ठिकाणी झाडं लावू देत नाहीत. कबर नवीन असेल तर एक पावसाळा जाऊ द्या, माती खाली बसतेच, घाईत लावलेलं सगळं कलतं. कठडा बांधायचा असेल तर मधली माती उघडी ठेवायला गवंड्याला आधीच सांगा, नाहीतर तो वरून कोबा करून मोकळा होतो. आणि कुंडी ठेवू नका, उन्हाळ्यात तिच्यातली माती दोन दिवसांत कोरडी होते.

मग मेमध्ये एकदा सावकाश पूर्ण कबरस्तान फिरा आणि पाण्याशिवाय काय हिरवं आहे ते बघा. तुमच्या मातीला काय चालतं ते तिथेच कळतं, नर्सरीवाल्याला आपली जागा माहीत नसते.

आमच्याकडे टिकली ती सदाफुली. पानं कडू, शेळी तोंड लावत नाही, पाणी कमी पडलं तर पानं मिटून घेते पण मरत नाही, आणि बी पडून आपोआप उगवते. पांढरी लावली तर फार शांत दिसते. कोरफडही चांगली, फक्त पाणी साचलं की कुजते, म्हणून कोकणात किंवा वसईकडे उंचवट्यावरच लावा. तिसरी पावसाळी लिली, कांदा दोन इंच खोल पुरायचा. मेमध्ये तिची पात वाळून गेलेली दिसते, मेली म्हणून उपटू नका, कांदा खाली जिवंत असतो आणि पहिल्या पावसानंतर गुलाबी फुलं येतात. मुस्लिम कबरींवर सब्जा लावतात, त्याचा वास सुंदर, तो उन्हाळ्यात वाळतो पण बी पडलेलं असेल तर पावसात परत येतो.

पांढरा चाफा मला सगळ्यात आवडतो, पण तो 15-20 फूट वाढतो, म्हणून कबरीवर नको, कंपाउंडच्या कडेला परवानगी घेऊन लावा. फांदी कापून आठवडाभर सावलीत ठेवायची, चीक सुकला की लावायची. वड, पिंपळ, उंबर उगवलेले दिसले तर लहान असतानाच काढा, मुळं कठडा फोडतात, शेजारच्यांच्या कबरीचासुद्धा. घाणेरीची फुलं कितीही छान दिसली तरी नको, ती सगळीकडे पसरते.

लावायचं जूनअखेर ते जुलै, दोन चांगले पाऊस झाल्यावर, म्हणजे पाऊस थांबेपर्यंत मुळं धरतात. आधी हराळी मुळासकट खणून काढा, तुकडा राहिला की परत येते. काळी माती असेल तर उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून थोडा मुरूम आणि शेणखत मिसळा. रोपं फूटभर अंतरावर, आणि वरून इंचभर बारीक खडी पसरा, ओल टिकते आणि गवतही कमी येतं. पाला टाकला तर वाऱ्याने उडतो.

मेमध्ये गेलात की सदाफुली निम्मी छाटा, पावसात दाट फुटते. नोव्हेंबरला तिच्या बारीक शेंगा पिकलेल्या असतात, हात लावला की काळं बी सांडतं, ते जिथे माती रिकामी असेल तिथे बोटाने सारून द्या, आणि थोडं कागदात बांधून घरी आणा, एखादं साल कोरडं गेलं तर तेच जूनमध्ये परत टाकता येतं.