पुन्हा बांधणीला घेतलेल्या संघाचं व्यवस्थापन कसं जोखायचं? एनबीए चाहत्यांसाठी मार्गदर्शक

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, "आम्ही संघाची नव्याने बांधणी करतोय" असं जाहीर करणं फार सोयीचं असतं. एकदा हे बोललं की पुढची दोन-तीन वर्षं हरायचा परवानाच मिळतो. हरलो तर "योजनेप्रमाणे चाललंय", आणि योजना विचारली तर "धीर धरा". मग भल्या पहाटे उठून फोनवर सामना लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी ओळखायचं कसं, की फ्रंट ऑफिसमधली, म्हणजे खेळाडू आणि करार ठरवणारी मंडळी खरंच काही उभारतायत की नुसते दिवस ढकलतायत?

गुणतक्त्यावरून हे कळत नाही. २०२०-२१ च्या हंगामात ओक्लाहोमा सिटी थंडर ७२ पैकी ५० सामने हरले आणि डेट्रॉइट पिस्टन्स ५२. म्हणजे दोघंही सारखेच तळाला. चार वर्षांनी थंडर ६८ विजय मिळवून विजेते झाले. डेट्रॉइटने त्या मधल्या काळात, २०२३-२४ मध्ये, एकाच हंगामात लागोपाठ २८ सामने गमावून दाखवले. हरले दोघेही, पण त्या हरण्याच्या बदल्यात पदरात काय पडलं, एवढंच तपासायचं असतं. त्यासाठी एक वही किंवा एक्सेलची शीट पुरते.

पायरी १: सुरुवातीला हातात काय होतं ते लिहा

आत्ताच्या जनरल मॅनेजरने (या फ्रंट ऑफिसच्या प्रमुखाने) खुर्ची कधी घेतली ती तारीख, आणि त्या दिवशी संघाकडे कोण खेळाडू, कुठले करार आणि किती ड्राफ्ट पिक (दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क) होते, हे पहिल्या पानावर उतरवा. थंडरच्या सॅम प्रेस्टी यांच्याकडे २०१९ च्या उन्हाळ्यात विकायला पॉल जॉर्ज आणि रसेल वेस्टब्रुक होते. डेट्रॉइटला २०२० मध्ये आलेल्या ट्रॉय वीव्हर यांच्या वाट्याला ब्लेक ग्रिफिनचा अवजड करार आला, जो शेवटी पैसे मोजून मिटवावा लागला. दोघांना एकाच फूटपट्टीने मोजणं अन्यायाचं आहे. वीव्हर यांचे पुढचे निर्णय त्यामुळे चांगले ठरत नाहीत, पण पहिलं वर्ष तरी त्यांच्या नावावर मांडू नका.

पायरी २: नशीब वेगळं काढा

आयपीएलच्या लिलावात ज्याच्या थैलीत पैसा त्याला खेळाडू. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये तसं नाही. इथे कमकुवत संघांना आधी निवड मिळते आणि पहिल्या फेरीतल्या नवख्यांचा पगार क्रमांकानुसार ठरलेला असतो. मात्र पहिले चार क्रमांक लॉटरीने निघतात. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, १४ टक्के संधी असते, आणि सगळ्यात शेवटचा संघ पाचव्या क्रमांकावर घसरण्याची शक्यता जवळपास ४८ टक्के.

डेट्रॉइट २०२३ आणि २०२४ मध्ये लागोपाठ तळाला राहिलं आणि दोन्ही वेळा पाचव्यावर गेलं. यात कोणाची चूक नाही. उलट उदाहरण डॅलसचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला सगळ्यात मोठा तारा लुका डॉनचिच देऊन टाकल्यावर सगळं गाव त्यांना शिव्या घालत होतं. तीन महिन्यांनी १.८ टक्के शक्यता असताना पहिला क्रमांक त्यांना लागला आणि त्या ड्राफ्टमधला सगळ्यात नावाजलेला नवखा, कूपर फ्लॅग, मिळाला. लॉटरीच्या चेंडूंच्या खेळाचं श्रेय कुठल्याही मॅनेजरला देऊ नका. वहीत "नशीब" असा एक रकाना ठेवा आणि अशा गोष्टी तिथे ढकला.

पायरी ३: प्रत्येक सौद्याचा शेवटपर्यंत माग काढा

खरं काम इथे आहे. वेळ कमी असेल तर बाकीच्या पायऱ्या उरका, पण ही नीट करा. ट्रेड (संघांमधली खेळाडूंची आणि पिकची देवाणघेवाण) झाल्याच्या रात्री "कोण जिंकलं" यावर रान पेटतं, पण त्या रात्री खरा माल दिसतच नसतो.

जुलै २०१५ घ्या. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या मालकीच्या सॅक्रामेंटो किंग्सला (हेच किंग्स पुढे २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये खेळून गेले) नवे खेळाडू घ्यायला सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) जागा हवी होती. त्यांनी निक स्टॉस्कस, कार्ल लँड्री आणि जेसन थॉम्पसन हे तिघं फिलाडेल्फियाच्या गळ्यात घातले. त्या उपकाराची किंमत म्हणून भविष्यातली एक पहिल्या फेरीची पिक दिली, शिवाय दोन वर्षं पिकची अदलाबदल करण्याचा हक्क दिला. फिलाडेल्फियाने काय सोडलं? एनबीएत पाऊलही न ठेवलेल्या दोन युरोपीय खेळाडूंचे हक्क. फिलाडेल्फियाचे तेव्हाचे जनरल मॅनेजर सॅम हिंकी यांचा हा सौदा म्हणजे चोख काम.

आता धागा पुढे ओढा. २०१७ च्या लॉटरीत किंग्स तिसऱ्यावर आले, फिलाडेल्फिया पाचव्यावर. हक्क वापरून फिलाडेल्फियाने तिसरा क्रमांक घेतला. हिंकी मात्र एप्रिल २०१६ मध्येच राजीनामा देऊन गेले होते आणि खुर्चीवर ब्रायन कोलँजेलो होते. त्यांनी तो तिसरा क्रमांक आणि वर आणखी एक पिक बॉस्टनला देऊन पहिला क्रमांक घेतला, आणि मार्केल फुल्ट्झला निवडलं. खांद्याच्या दुखण्याने फुल्ट्झ पहिल्या हंगामात १४ सामने खेळला आणि २०१९ मध्ये ऑरलँडोला गेला. तिसऱ्या क्रमांकावर बॉस्टनने घेतला जेसन टेटम. तो २०२४ मध्ये विजेतेपदाच्या संघात होता.

म्हणजे माल एकाने मिळवला आणि दुसऱ्याने उधळला. दोघांचा हिशेब एकत्र केला तर "फिलाडेल्फियाची योजना फसली" एवढंच हाती लागतं, आणि हे वाक्य अर्धवट आहे. म्हणून प्रत्येक ओळीसमोर दोन नावं हवीत: मिळवणारा कोण, खर्च करणारा कोण.

आणखी एक. सौद्यातली खरी मोठी वस्तू बहुतेक वेळा मथळ्यात नसते. जॉर्जच्या बदल्यात थंडरला क्लिपर्स संघाकडून पहिल्या फेरीच्या पाच पिक मिळाल्या, आणि सगळी चर्चा त्या पाचांची. पण त्याच सौद्यात शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा, एकच हंगाम खेळलेला पोरगाही होता. २०२५ चा सर्वोत्तम खेळाडू तोच. त्या पाचांपैकी एक पिक २०२२ मध्ये बारावी लागली, आणि तिथे जेलन विल्यम्स सापडला.

पायरी ४: ड्राफ्टची निवड त्या रात्रीच्या उजेडात वाचा

मागाहून शहाणपण सगळ्यांनाच सुचतं. २०२० मध्ये डेट्रॉइटने सातव्या क्रमांकावर किलियन हेजला घेतलं आणि बाराव्यावर टायरीस हॅलिबर्टन गेला. आज ही निवड हास्यास्पद वाटते, पण आठ ते अकरा या चार संघांनीही हॅलिबर्टनला सोडलंच होतं. त्यामुळे एका निवडीवर फाशी नको. डेट्रॉइटवर माझा आक्षेप वेगळा आहे: हेज जमत नाही हे दिसत असताना त्याला फेब्रुवारी २०२४ पर्यंत धरून ठेवलं आणि शेवटी फुकट सोडून दिलं. चूक होणं क्षम्य, ती कबूल करायला तीन वर्षांहून जास्त लावणं नव्हे.

काही निवडींना मात्र त्या रात्रीही बचाव नव्हता. २०१८ मध्ये डॉनचिच युरोलीगचा (युरोपातल्या अव्वल क्लब स्पर्धेचा) सर्वोत्तम खेळाडू होऊन आला होता, आणि सॅक्रामेंटोने दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगलीला निवडलं.

पायरी ५: शेवटच्या बाकावरचे खेळाडू बघा

पहिल्या तीनांत निवड असेल तर कोणालाही चांगला खेळाडू सापडू शकतो. स्काउटिंग (नवे खेळाडू हेरणाऱ्या) विभागाची खरी परीक्षा पन्नासाव्या क्रमांकानंतर सुरू होते. थंडरचा लू डॉर्ट २०१९ मध्ये कोणीच निवडला नव्हता, आणि २०२५ मध्ये तो लीगच्या पहिल्या बचाव संघात होता. एरन विगिन्स ५५ व्या क्रमांकाचा. आयझायाह जो याला फिलाडेल्फियाने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढून टाकलं आणि थंडरने काही दिवसांत उचललं. तिघंही विजेत्या संघात होते. हिंकींच्या बाजूनेही एक नोंद आहे: ह्यूस्टनने सोडलेला रॉबर्ट कव्हिंग्टन. ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला हा खेळाडू फिलाडेल्फियात लीगचा अव्वल बचावपटू झाला.

एकूण गुणांपैकी सगळ्यात जास्त मी या पायरीला देतो. इथे लॉटरी मदतीला येत नाही.

पायरी ६: मोकळ्या कॅपचं काय केलं?

हरणाऱ्या संघाकडे पगाराच्या मर्यादेत जागा असते. तिचा एक उपयोग म्हणजे दुसऱ्याचा नकोसा करार आपल्याकडे घेऊन वर पिक वसूल करणं. थंडरने २०२१ मध्ये केम्बा वॉकरचा करार असाच घेतला आणि सोळावी पिक मिळवली.

पण पुढे काय झालं तेही लिहा, कारण प्रेस्टीभक्त हा भाग सांगत नाहीत. ती सोळावी पिक त्यांनी ह्यूस्टनला दिली आणि बदल्यात पुढच्या दोन पिक घेतल्या. ह्यूस्टनने तिथे निवडला अल्पेरेन शेंगुन, २०२५ चा ऑल-स्टार. त्या दोन पिकमध्ये आणखी एक घालून थंडरने २०२२ मध्ये अकरावा क्रमांक घेतला, उस्मान जेंगसाठी. विजेतेपदाच्या वर्षी जेंग नियमित खेळाडूंतही नव्हता. उत्तम व्यवस्थापनाच्या वहीतही अशी पानं असतात, आणि वही लिहायची ती याचसाठी.

दुसरी बाजू पैसे मोजण्याची. नवख्याचा करार चार वर्षांचा, त्यातली शेवटची दोन संघाच्या मर्जीवर. म्हणजे स्वस्तातला काळ ठरलेला असतो. तो संपायच्या आत आपला माणूस कोण हे ओळखावं लागतं. थंडरने ऑगस्ट २०२१ मध्ये, संघ तळाला असतानाच, गिल्जस-अलेक्झांडरला पाच वर्षांचा कमाल करार, म्हणजे नियमात बसेल तेवढ्या जास्तीत जास्त पगाराचा, दिला.

पायरी ७: प्रशिक्षक आणि मालक

डेट्रॉइटने २०२३ मध्ये मॉन्टी विल्यम्स यांना सहा वर्षांसाठी साडेसात कोटींहून जास्त डॉलरचा करार दिला आणि १४ विजय, ६८ पराभवांच्या एकाच हंगामानंतर काढलं. किंग्सने डिसेंबर २०१४ मध्ये मायकल मलोन यांना हाकललं, तेही मुख्य खेळाडू मेनिंजायटिसने घरी असताना. मलोन यांनी २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. असे निर्णय कुठून आले, जनरल मॅनेजरच्या टेबलावरून की मालकाच्या, हे बाहेरून नेहमी कळत नाही. पण दर दोन वर्षांनी प्रशिक्षक बदलत असेल तर तरुण खेळाडूंना तयार करणारं तिथे कोणीच नाही, एवढं खात्रीने म्हणता येतं.

पायरी ८: वळण घेता येतं का?

पिक गोळा करणं व्यसनासारखं लागतं. पण कधीतरी थांबून आजचा खेळाडू घ्यावा लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात थंडरने ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेला जॉश गिडी देऊन तिशीतला ॲलेक्स करुसो घेतला आणि आयझायाह हार्टनस्टाइनला तीन वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख डॉलर दिले. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटला ट्रेजन लँग्डन आले. त्यांनी टोबायस हॅरिस आणि टिम हार्डअवे ज्युनियर असे अनुभवी, बिनझगमगाटाचे खेळाडू केड कनिंगहॅमभोवती लावले. १४ विजयांवरून संघ थेट ४४ वर गेला. कनिंगहॅम, जेलन डुरेन, ऑसार थॉम्पसन हे सगळे वीव्हर यांनी आणलेले. तेव्हा इथेही ओळीसमोर दोन नावं लिहा, या वेळी उलट्या दिशेने: विटा वीव्हरच्या, भिंत लँग्डनची.

हात बसवायला एक संघ

वॉशिंग्टन विझर्ड्स घ्या. थंडरमध्ये घडलेले विल डॉकिन्स २०२३ पासून तिथे जनरल मॅनेजर आहेत. पहिल्या दोन हंगामांत १५ आणि १८ विजय. पहिली नोंद २०२४ ची करा: देनी अवदिया पोर्टलंडला दिला, तेही त्याचा चार वर्षांचा, साडेपाच कोटी डॉलरचा परवडणारा करार नुकताच सुरू होत असताना. बदल्यात माल्कम ब्रॉग्डन, चौदावी पिक, २०२९ ची पहिल्या फेरीची एक पिक आणि दुसऱ्या फेरीच्या दोन. चौदाव्या क्रमांकावर बब कॅरिंग्टन आला. अवदिया तिकडे जाऊन बहरला, त्यामुळे आजच्या घडीला हा सौदा वॉशिंग्टनच्या अंगाशी आल्यासारखा दिसतो. तरी शेरा पेन्सिलने लिहा. २०२९ ची ती पिक अजून उघडायची आहे, आणि त्या ओळीत खर्च करणाऱ्याचं नाव सध्या कोरं आहे.