माझे पहिले दुसरे अपील

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी उच्च न्यायालयातील दुसऱ्या अपिलाचा मसुदा माझ्याकडे सोपवला गेला, तेव्हा मी त्यात तब्बल 19 मुद्दे घातले आणि त्यांतले बहुतेक कोणता साक्षीदार खोटे बोलला याविषयीचे होते. मी ज्यांच्या हाताखाली काम करत होतो त्या ज्येष्ठ वकील सरांनी मसुदा वाचून फक्त दोन मुद्द्यांखाली रेघ ओढली. "साक्षीदार खरा की खोटा हे दोन न्यायालयांनी ठरवून झाले आहे, आता तिसऱ्याला तेच कशाला विचारता?" एवढेच ते म्हणाले.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 खालील पहिल्या अपिलात पुराव्याची नव्याने छाननी करता येते. कलम 100 खालील दुसरे अपील मात्र 1976 च्या दुरुस्तीपासून केवळ कायद्याच्या सारभूत प्रश्नावर चालते. तो प्रश्न अपिलाच्या मेमोत नेमकेपणाने मांडावा लागतो. न्यायालयाचे समाधान झाल्यास ते स्वतः प्रश्न निश्चित करते आणि सुनावणी त्यावर होते, अर्थात असा प्रश्न मुळात उद्भवतच नाही, असे म्हणण्याची मुभा उत्तरवादीला तेव्हाही असते.

आमचा वाद गावाकडे 'मुदत खरेदी' म्हणतात त्या प्रकारच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पैसे फेडल्यास जमीन परत घेता येईल अशा अटीच्या दस्ताचा होता. पैसे खरोखर दिले गेले का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तो संपला होता. परंतु ज्या दस्तावर पक्षकारांचे हक्क उभे असतात त्याचा अर्थ लावणे हा कायद्याचा प्रश्न ठरतो. जमीन परत घेण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असताना तो व्यवहार निव्वळ विक्री की सशर्त विक्रीद्वारे गहाण (वरवर विक्री, प्रत्यक्षात कर्जाचे तारण), हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 58 वरून ठरवायचे होते. अट त्याच दस्तात असणे आवश्यक असले तरी तेवढ्याने गहाण सिद्ध होत नाही, दस्ताची भाषा आणि भोवतालची परिस्थितीही पाहावी लागते. वादाला खरी जागा तेथेच होती. दुसरा मुद्दा पहिल्या अपिलाच्या निकालपत्राविषयी होता, कारण आदेश 41, नियम 31 प्रमाणे निर्णयाचे मुद्दे आणि कारणे देणे आवश्यक असूनही त्यात खालच्या निकालाशी सहमती दर्शवण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

प्रश्न 'सारभूत' कधी होतो, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये सर चुनीलाल मेहता यांच्या प्रकरणात घालून दिली आणि तेथेही वाद एका कराराच्या अर्थाचाच होता. प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असावा किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट व भरीव परिणाम करणारा असावा, आणि तो अंतिमतः निकाली निघालेला नसावा किंवा त्यावर दोन मते संभवावीत. नवोदितांनी कोणत्याही प्रश्नाला आणखी एक गोष्ट विचारून पाहावी: उत्तर आपल्या बाजूने आले तर हुकूमनामा बदलेल का? बदलणार नसेल, तर तो मुद्दा कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी गाळावा.

निष्कर्षाला पुराव्याचा आधारच नसणे, महत्त्वाचा पुरावा दुर्लक्षिला जाणे किंवा सिद्धतेचा भार भलत्याच पक्षावर टाकला जाणे, अशा वेळी वस्तुस्थितीचा निष्कर्षही कायद्याच्या कक्षेत येतो. निकाल 'विकृत' आहे असे नुसते लिहिणे मात्र व्यर्थ; नेमका कोणता कागद वाचलाच गेला नाही, ते निशाणी क्रमांकासह (न्यायालयाने त्या पुराव्याला दिलेल्या क्रमांकासह) दाखवावे लागते.

आमचे अपील दस्ताच्या प्रश्नावर दाखल करून घेतले गेले. माझा प्रश्न सात ओळींचा होता. न्यायमूर्तींनी निश्चित केलेला दोन ओळींत मावला.