पंचगंगा घाट ते राजाराम बंधारा: नदीकाठानं चालत कसं जायचं

कोल्हापुरात चालायला कुठं जायचं विचारलं की सगळे रंकाळा सांगतात. रंकाळा चांगलाच आहे, पण तिथं कुणी शिकवायला कशाला पाहिजे, गाडी लावायची, फेरी मारायची, भेळ खायची. टेंबलाईची टेकडी पण तशीच, दम लागायच्या आत माणूस वर पोचतोय. गावात राहून खरं चालायचं असेल तर पंचगंगेच्या काठानं घाटापासून कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यापर्यंत जायचं. ह्या वाटेबद्दल जे सल्ले फिरत असतात ते देणारे निम्मे लोक नुसते पुलावरनं नदी बघून आलेले असतात असं माझं स्पष्ट मत आहे. "नदी धरून सरळ चालत राहा, चुकायचा प्रश्नच नाही" म्हणे. चुकायचा प्रश्न नाही खरं, रुतायचा आहे.

आधी कधी जायचं ते. दिवाळी झाल्यावर लगेच नको, अजून थोडे दिवस जाऊ देत, मग मेपर्यंत कधीपण. जून ते सप्टेंबर हा विषयच काढायचा नाही. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतात, पण "अजून 39 कुठं झालंय" म्हणून काठावर जाणारे बहाद्दर पण असतात. इशाऱ्याच्या कितीतरी आधीच बंधारा पाण्याखाली जातो आणि काठाची वाट त्याच्याबरोबर जाते. आणि गावात ऊन पडलंय ह्यावर तर अजिबात जाऊ नका. तिकडं राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी भोगावती नदीतनं आपल्याकडंच येतंय, इथं पाऊस असो नसो. काठावरचे शेतकरी पाण्याच्या मोटारी सोडवून वर ओढायला लागलेले दिसले की समजायचं पाणी चढणार आहे, आणि गप घरला यायचं.

सुरुवात गंगावेशीतनं करा. पहाटे गेलात तर दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर पिळलेलं फेसाळ दूध ग्लासभर मारायचं आणि घाटाकडं उतरायचं. घाटावर वेळ घालवायचा तेवढा घालवा, दीपमाळा बघा, पोहणाऱ्यांच्या उड्या बघा. शेजारी ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिच्यावरनं नुसतंच पुढं जाऊ नका. तिथल्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडलीय, म्हणजे आपल्या ह्या नदीकाठचा व्यापार कुठपर्यंत पोचला होता बघा. मूर्ती टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहे, ते दुसऱ्या दिवशी करा. शिवाजी पुलापर्यंत काही अवघड नाही.

अवघड आहे ते पुलाच्या पुढं, मळीत. नदीकाठची गाळाची शेतं म्हणजे मळी, आणि ह्याच टप्प्यानं मला बरेच दिवस दमवलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पूर ओसरला की काठावर गाळाचा थर बसतो. वरनं ऊन लागून तो वाळतो, पांढरट पडतो, भेगा पण पडतात, आणि माणसाला वाटतं झालं, वाळलं. खाली तो तसाच लिबलिबीत असतो, दुधावरच्या सायीसारखा वरचा पापुद्रा तेवढा घट्ट. पाय टाकला की पोटरीपर्यंत आत, काढायला गेलं की बूट आतच राहतोय. त्यामुळं भेगा बघून ठरवायचं नाही, जनावरांचे खूर बघायचे. म्हैस जाऊन खूर दोन बोटं उमटलाय तर तुम्ही बिनधास्त जावा. खुराच्या जागी खड्डा असेल आणि तळाला पाणी चमकत असेल तर तिथनंच मागं फिरायचं. आणि खूरच नसतील तर जास्तच जपायचं, कारण म्हशीला तुमच्यापेक्षा जास्त कळतंय.

दुसरी फसवाफसवी केंदाळाची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीची. काठाला हिरवंगार सपाट दिसतं, वर जांभळी फुलं, फोटो काढावा असं, आणि त्याच्या खाली सरळ पाणी असतं. गवत कुठं संपलं आणि केंदाळ कुठं सुरू झालं हे लांबनं कळत नाही. मोबाईलवरच्या सॅटेलाइट नकाशात तर ऊस, गवत, केंदाळ सगळं एकच हिरवं, म्हणून त्या नकाशावर बोटानं रेघ ओढून वाट ठरवणाऱ्यांचा मला लई राग येतो. हातात काठी पाहिजे आणि पाय टाकायच्या आधी काठी टेकली पाहिजे, बस्स. काठीचा दुसरा उपयोग असा की उसाच्या कडेनं जाताना ती आपटत गेलं की पाल्यात काय असेल ते बाजूला होतंय. घोणस लवकर हलत नाही, तेव्हा पाल्याच्या ढिगात पाय घालायचाच नाही.

आणि "गेल्या महिन्यात मी इथनं खालनं गेलो होतो" ह्याला काही अर्थ नसतो. पावसाळा संपला की बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी अडतं आणि मागं फुगतं, मग खालची वाट पाण्यात जाते. पावसाळ्याआधी बरगे काढले की ती परत उघडी पडते पण चिखल घेऊन. एकाच हंगामात तीच वाट दोन वेगळ्या वाटा असतात.

मग जायचं कुठनं? पाणंदीनं. पाण्याच्या कडेचा हट्ट सोडायचा आणि शेतात जाणारी पाणंद धरायची. बैलगाडी, ट्रॅक्टर तिथनं जातो म्हणजे जमीन दमदार आहे. नदी मधे मधे दिसेनाशी होईल, दोन्हीकडनं ऊस येईल, कंटाळा येईल, पण पाणंद सोडायची नाही. पाणंद संपून बांध आला तर आधी बघा शेताला पाणी पाजलंय का. सरीत पाणी असेल तर बांध भिजलेला असतो, तुमच्या वजनानं तो फुटला तर पाणी भलतीकडं जातंय आणि शेतकऱ्याच्या शिव्या बसतात, त्या बरोबरच आहेत. कुणी दिसलं की आधी हाक मारायची, "मामा, हिकडनं बंधाऱ्याकडं जाता येतंय का?" नव्वद टक्के वेळा मामा हातातलं खोरं टेकवून पुढची सगळी वाट सांगतात, वर "कुठलं तुम्ही, कुणाचं?" पण विचारतात, नीट उत्तर द्या. रिकामं शेत बघून घुसलेल्या माणसाला मात्र कुत्रं आधी भेटतं. पळायचं नाही, थांबायचं आणि मालकाला हाक द्यायची. काठावर मोटारींच्या वायरी पसरलेल्या असतात, त्या ओलांडायच्या, हात लावून बाजूला करायच्या नाहीत.

नाला आडवा आला तर उतरून पार करायची हौस नको. गावाचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्यात काय काय वाहतंय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. वर रस्त्याला या, पुलावरनं जावा, पुढं बावड्याच्या बाजूनं परत खाली उतरा. दहा-पंधरा मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

पायात जुने बूट घाला, तळाला खाचा असलेले. सँडल नको, आणि कोल्हापुरी घालून नदीकाठी फोटो काढायची कल्पना ज्याची असेल त्यानं ओल्या चामड्याचं काय होतंय ते एकदा चप्पल लाइनला जाऊन विचारून यावं. पाणी घरनंच न्या, मधे काही मिळत नाही.

बंधाऱ्यावर पोचलात की कडेला उभं राहून बघा. दगडी खांब, त्यांच्यातल्या खाचा, खाचांत बसवलेले बरगे, त्यांच्या फटीतनं सुटणाऱ्या पाण्याच्या धारा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून राज्यभर जे नाव घेतात ते नेमकं काय असतं हे इथं पाच मिनिटांत डोळ्यानं कळतं. वरनं वडणगेकडची रहदारी चालू असते, दुचाकीवाले काय थांबत नाहीत, तेव्हा मधे उभं राहून सेल्फी नको. पाण्यात पण उतरू नका, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला ओढ असते आणि ती वरनं दिसत नाही.

परत काठानं यायच्या भानगडीत पडू नका, उन्हं वर आलेली असतात आणि पाय जड झाल्यावरच माणूस पापुद्र्यावर पाय टाकतोय. बावड्यात वर या, मिसळ खावा आणि केएमटी धरा. बसमध्ये चढायच्या आधी बुटाचा चिखल तेवढा काढा, नाहीतर कंडक्टर गंगावेस येईपर्यंत ऐकवतोय.