घाटात अडकलेली एसटी आणि दोन फासे : गोष्टीचा खेळ घरी कसा खेळावा

रात्रीचे साडेनऊ. भोरहून महाडला निघालेली शेवटची एसटी वरंध घाटात वाघजाईचं देऊळ मागे टाकून उतरायला लागते आणि एका वळणावर थांबते. समोर दरड. धुकं इतकं दाट की हेडलाइटचा उजेड चार हातांवर संपतो. कंडक्टर प्रवासी मोजतो. तिकिटं अकरा दिली होती, माणसं बारा भरतात.

तुम्ही त्या गाडीत आहात. काय करता?

या एका प्रश्नावर अख्खा खेळ उभा राहतो. इंग्रजीत याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात, खेळणारे नुसतं आरपीजी म्हणतात. एकजण प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते सांगतात, आणि जिथे पुढे काय होईल याची खात्री नसते तिथे फासे निकाल देतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. लहानपणी भातुकलीत आपण हेच करत होतो. मोठेपणी ते पुन्हा करता येतं, आणि त्यासाठी एक मोकळी संध्याकाळ पुरते.

कमी नियमांपासूनच का सुरुवात करावी

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तिथून हा छंद वाढला. आज त्याची मुख्य पुस्तकं तीन, प्रत्येक तीनशेहून जास्त पानांचं, आणि फासे चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे. तो खेळ मला मनापासून आवडतो, पण ज्यांनी असं काहीच खेळलेलं नाही त्यांच्यापुढे तो पहिल्याच दिवशी ठेवू नये. नियम हलके करण्याची धडपडही तितकीच जुनी आहे. १९७५ मध्येच केन सेंट आंद्रे यांनी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ साध्या सहा बाजूंच्या फाशांवर बेतला. २०१३ मधला जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ तर एका पानात मावतो. त्यात पात्राचा एकच आकडा असतो, दोन ते पाच यांपैकी. आकडा मोठा असेल तर डोक्याची कामं सोपी जातात, लहान असेल तर मनाची.

खाली देतेय ती रीत मी घरच्यांसाठी जुळवलेली आहे. तिचा गाभा व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० मधल्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’चा आहे.

पायरी १ : माणसं आणि सामान

तीन किंवा चार खेळाडू आणि एक सांगणारा. त्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्याकडे ‘सूत्रधार’ हा नाटकातला शब्द रुळला आणि तोच जास्त शोभतो. सहापेक्षा जास्त माणसं झाली तर पाळी येईपर्यंत लोक कंटाळतात. सामानात लुडोच्या डब्यातले दोन फासे, कोरे कागद, पेन्सिली. अडीच-तीन तास हातात ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत.

पायरी २ : पात्र, फक्त चार ओळींत

नाव आणि कोण आहे. एक गोष्ट जी चांगली जमते. एक वस्तू जी जवळ आहे. आणि आज रात्रीच महाडला का पोचायला हवं.

ही चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची, तिच्यावर वेळ द्या. माझ्या आत्यानं कंडक्टर घेतली होती. तिची ओळ होती : ‘उद्या सकाळी मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत आणि घरी मी एकटीच करणारी.’ भाच्यानं कॉलेजचा मुलगा घेतला, जवळ बॅटरी, आणि कारण असं की वडिलांना न सांगता घर सोडलंय. या दोन ओळींनी जेवढी गोष्ट पुढे ढकलली तेवढी माझ्या कुठल्याच तयारीनं ढकलली नाही.

पायरी ३ : दान कसं मोजायचं

दोन फासे टाका आणि बेरीज करा. जमणारी गोष्ट त्या प्रसंगी कामाची असेल तर एक मिळवा. जवळची वस्तू कामाची असेल तर आणखी एक. त्यापुढे नाही.

दहा किंवा वर : जे करायचं होतं ते झालं.
सात ते नऊ : झालं, पण काहीतरी मोजावं लागलं.
सहा किंवा खाली : प्रसंग वाईट वळण घेतो.

हे तीन गट असेच का, ते एकदा मोजून बघण्यासारखं आहे. दोन फाशांची दानं एकूण ३६ प्रकारे पडतात. त्यांतली ६ पहिल्या गटात, १५ मधल्या आणि १५ शेवटच्या गटात जातात. एक मिळवला की हेच १०, १६, १० होतं. दोन मिळवले की १५, १५, ६. म्हणजे कशीही मोजली तरी मधला गट बाकीच्या कुठल्याच गटाहून लहान होत नाही, आणि गोष्टीची गंमत तिथेच असते. दोर हाती लागला पण चप्पल दरीत गेली. म्हातारीनं खरं सांगितलं, पण तिला वचन द्यावं लागलं. ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ या दोनच निकालांत हे सापडत नाही.

पायरी ४ : तयारी अर्ध्या पानाची

पहिल्यांदा मी अकरा पानं लिहून बसले होते. कोण काय बोलणार, कुठून कुठे जाणार, सगळं. खेळाडू पहिल्याच संधीला गाडीतून उतरून मागे भजीच्या टपरीकडे चालू लागले. मी त्यांना चार वेळा ओढून परत गाडीत बसवलं आणि दहा वाजेपर्यंत सगळे जांभया देत होते. चूक त्यांची नव्हती. त्यांना टपरी हवी होती, तर गोष्ट टपरीवर न्यायला हवी होती.

आता मी एवढंच लिहिते : जागा कुठली, अडचण काय, तिथे आणखी कोण आहे आणि त्यांना काय हवंय. त्याखाली सहा चौकोन. वाईट दान पडलं की एक चौकोन रंगवायचा. सहाही भरले की रस्ता खचून गाडी जाते. हा कागद सगळ्यांना दिसेल असा मधे ठेवा. चौथा चौकोन भरला की लोक आपोआप खुर्ची पुढे सरकवतात. बारावा प्रवासी कोण, हे मी ठरवलेलं नव्हतं. सूत्रधारानं उत्तर आधीच ठरवायची गरज नसते, खेळाडू जे अंदाज मोठ्यानं बोलतात त्यांतला सगळ्यात चांगला उचलावा.

पायरी ५ : नको ते आधी विचारा

सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाला विचारा की गोष्टीत काय येऊ नये. कारण विचारू नका. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि माणसं गेली. टेबलाशी त्या भागातलं कोणी असेल तर दरडीचा प्रसंग घेऊच नका, रस्त्यावर झाड आडवं पाडा. खेळ तेवढाच रंगतो. शिवाय एका कार्डावर फुली काढून मधे ठेवा. ज्याला नको वाटेल त्यानं कार्डाला हात लावायचा आणि तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. ही कल्पना जॉन स्टॅव्हरोपुलोस यांची, आणि तीन पिढ्या एकत्र बसतात त्या घरात ती फार उपयोगी पडते.

पायरी ६ : खेळवणं, म्हणजे मुख्यतः फासे न टाकणं

नवा सूत्रधार प्रत्येक गोष्टीला फासे टाकायला लावतो. दार उघडलं, टाक फासे. हाक मारली, टाक फासे. त्यानं गोष्टीचा जीव जातो. फासे उचलण्याआधी मनाशी विचारा : नापास झालं तर काही रंगतदार घडेल का? उत्तर ‘काहीच घडणार नाही’ असं असेल तर ते काम झालं म्हणून सांगून टाका. आमच्या खेळातला हा तुकडा बघा.

मी : बारावा माणूस शेवटच्या सीटवर बसलाय. अंगावर घोंगडी, तोंड खिडकीकडे.

आत्या : मी जवळ जाऊन म्हणते, ‘बाबा, तिकीट दाखवा.’

मी : तो न बघता हात पुढे करतो. तिकीट आहे. महाडचंच आहे. तारीख मागच्या वर्षीची.

भाचा : मी बॅटरी त्याच्या तोंडावर मारतो!

मी : तुझा हात थरथरतोय. टाक.

तिकीट मागायला फासे लागले नाहीत, कारण कंडक्टरनं तिकीट मागणं ही रोजची गोष्ट. बॅटरीला लागले. दान पडलं तीन आणि एक, बॅटरीचा एक धरून पाच. आता ‘बॅटरी लागलीच नाही’ असं म्हणता आलं असतं, पण मग सगळे गप्प बसले असते. मी म्हटलं, ‘बॅटरी लागते. उजेड त्याच्या अंगावरून पलीकडच्या काचेवर पडतो आणि सगळ्यांना दिसतं की मागच्या चाकाखालचा रस्ता खचायला लागलाय.’ चौकोन रंगवला. वाईट दानानं नेहमी काहीतरी नवं समोर यावं. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

दुसरं, ‘तुम्ही काय करता?’ विचारल्यावर थांबा. लगेच पर्याय सुचवू नका. पाच-सात सेकंदांची शांतता अवघड वाटते, पण माणूस तेवढ्यात स्वतःचं काही शोधत असतो. जो अजिबात बोलत नाही त्याला थेट विचारा : ‘काका, तुम्ही खिडकीशी बसलाय, बाहेर काय ऐकू येतं?’ असं विचारलं की ऐकू काय येतं हे तेच ठरवतात, आणि जगाचा एक तुकडा त्यांचा होतो.

मराठीत खेळा, हा माझा आग्रह आहे. बऱ्याच टेबलांवर इंग्रजी पुस्तकामुळे बोलणंही इंग्रजी होतं. ‘टॅव्हर्न’ म्हटलं की डोळ्यांसमोर चित्र यायला वेळ लागतो. ‘घाटातली भजीची टपरी’ म्हटलं की तेलाचा वास आधी येतो. आपली गावाकडची बोली पात्राच्या तोंडी घाला. फक्त दुसऱ्याच्या बोलीची टिंगल होऊ देऊ नका.

पायरी ७ : थांबायचं कधी

चौकोन भरले किंवा घड्याळात पावणेतीन तास झाले की शेवटाकडे न्या. प्रत्येकाला एक वाक्य सांगू द्या : दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं पात्र कुठे आहे? त्यावर फासे नाहीत, चर्चा नाही.

त्यानंतर

पुढच्या वेळी सूत्रधार बदला. तोच माणूस पुन्हापुन्हा सांगत बसला तर बाकीचे श्रोते होतात. फासे नको असतील तर ‘ड्रेड’ नावाचा खेळ करून बघा. त्यात दान टाकण्याऐवजी जेंगाच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या, मनोऱ्यातून एक ठोकळा ओढायचा असतो आणि मनोरा पडला की तुमचं पात्र गोष्टीतून जातं. भीतीच्या गोष्टीसाठी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

आमच्याकडे दुसऱ्या खेपेला भाचा सूत्रधार झाला. त्याची अर्धं पानभर तयारी अशी : मालवणच्या किनाऱ्याला पहाटे एक होडी लागते, आत माणूस नाही, चूल पेटलेली, भाताला नुकती उकळी आलेली. आत्यानं सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि विचारलं, ‘भात किती जणांचा आहे?’