कॅलिपर पावडर कोटिंगला देण्याआधी

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत पावडर कोटिंगवाल्याकडे (पावडरीचा रंग भट्टीत तापवून बसवणारा) ब्रेक कॅलिपर, म्हणजे डिस्क ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, नुसते पुसून देऊ नका. भट्टीचं तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असतं. त्यात रबरी सील आणि डस्ट बूट जळतात, म्हणून पिस्टन, सील, स्लाइड पिन, ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) सगळं आधी काढा. पिस्टन हवेच्या दाबाने काढताना समोर लाकडाचा ठोकळा ठेवा, बोटं मुळीच नकोत. तो गोळीसारखा सुटतो.

खरी मेहनत ब्रेक ऑइल काढण्यात आहे. कॅलिपरच्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) बारीक छिद्रांत ते मुरलेलं असतं आणि भट्टीत वर येऊन कोटिंगला फोड आणतं. डीग्रीझरने धुवा, आतले मार्ग हवेने फुंका. ब्लास्टिंगनंतर (बारीक कणांचा मारा करून जुना रंग-गंज काढल्यावर) कोटिंगवाल्याला एकदा नुसताच भाग तापवायला सांगा. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही.

पिस्टनचं बोअर, सीलची खाच, आटे, पिनची भोकं, पॅड सरकतो ती जागा आणि होजचा (ब्रेक ऑइलच्या नळीचा) वॉशर बसतो तो पृष्ठभाग ब्लास्टिंगच्या आधीच झाका. कोटिंगच्या वेळी तिथे उष्णता सोसणारे सिलिकॉन बूच आणि टेप हवेत. वॉशरखाली पावडर राहिली तर ऑइल गळतं. हे तोंडी सांगू नका, स्वतः झाकून द्या.

जोडताना सील किट नवीनच, आणि ब्लीडिंग (ब्रेक ऑइलमधली हवा काढणं) नीट झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.