कँटोनीजमध्ये आपल्या बऱ्या दिवसांचं श्रेय समोरच्याला कसं द्यायचं

हाँगकाँगमध्ये ओळखीच्या माणसाने 'धंदा कसा चाललाय?' असं विचारलं, तर नुसतं 'छान' हे उत्तर कोरडं वाटतं. जुन्या वळणाची आणि व्यापारातली माणसं आधी 'थॉक्-लाय' म्हणतात, मग 'केय होउ', म्हणजे बरं चाललंय. 'तुमच्या कृपेनं' म्हणताना आपला जो भाव असतो, तोच इथे. समोरच्याने प्रत्यक्ष काही केलेलं असावं लागत नाही. उत्तर मात्र चांगलंच हवं. नुकसानीची बातमी 'थॉक्-लाय'ने सुरू केली तर दोष त्यांच्या माथी मारल्यासारखं होईल.

उच्चारात मराठी माणसाला एक फायदा आहे. 'त' आणि 'थ' हा फरक कँटोनीजमध्येही अर्थ बदलतो आणि तो आपल्या जिभेवर आधीपासून असतो. अडचण येते ती शेवटच्या 'क्'ची. जीभ मागे टेकवून हवा अडवायची आणि सोडायचीच नाही. आपण सवयीने 'थॉक' असा मोकळा 'क' सोडतो. सूर दोन्ही सपाट: 'थॉक्' मधल्या पट्टीत, 'लाय' त्याहून खाली. शेवट वर उचलू नका.

जास्त अदब हवी असेल तर 'थॉक् नेय हुङ्-फुक्', म्हणजे तुमच्या थोर भाग्यामुळे. 'नेय' म्हणजे तू आणि तुम्हीही; बोलण्यात वेगळं आदरार्थी रूप नाही. म्हणून मालकाशी बोलताना 'नेय'च्या जागी 'लोउ-पान' हे संबोधन घालणं चांगलं.

कुणी खरोखर मदत केली असेल तर हे दोन्ही अपुरे पडतात. तिथे 'तॉ-तक्-नेय' म्हणून लगेच काय केलं ते सांगायचं: 'तॉ-तक्-नेय पॉङ्-सौ', तुम्ही हातभार लावलात म्हणून जमलं. यातला 'तक्' आखूड, मराठी 'अ'सारखा. पण 'तॉ-तक्-नेय म्-सिऊ' जपून वापरा. शब्दशः ते 'तुमचे फार उपकार' असलं, तरी 'तुझ्यामुळेच सगळा घोळ झाला' असा टोमणा म्हणूनच ते बहुधा ऐकू येतं.

घरच्यांची तब्येत विचारली तर आधी 'यौ-सम', म्हणजे आठवणीने विचारलंत, आभारी आहे. भरभराटीच्या शुभेच्छेला 'सिङ् नेय क्वै-यीन': तुमच्या तोंडचे शब्द खरे होवोत.