मृदंग घेताना पॉलिश नको, खोड बघा

भजनी मंडळासाठी भारी मृदंग घ्यायचा तर दुकानात थाप मारायच्या आधी त्याचं खोड, म्हणजे लाकडी पोकळ अंग, बघा. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटली तर बदलता येते, ती ताणून धरणाऱ्या कातडी वाद्या पुन्हा ओढता येतात. लाकूड मात्र एकदाच घ्यायचं असतं. शिसम किंवा खैर, एकसंध आणि नीट वाळलेलं पाहिजे. आमच्या मंडळानं चकाकी बघून एक घेतला. वैशाखातल्या परभणीच्या उन्हात त्याला वीतभर चीर गेली. तेव्हा कळलं, जुन्या भेगेत भुसा अन् सरस भरून वर पॉलिश मारलेलं होतं. म्हणून पुडी चढवायच्या आधीच खोड दाखवा म्हणायचं. आतून बॅटरी मारायची, कडेची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते बोटांनी चाचपायचं. कारागीर कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा.

मग शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल. ती पातळ थरांनी घोटलेली असते, बारीक जाळी दिसणारच, पण नखाखाली खपली निघायला नको. काठावर फिरत सगळीकडे बोट मारा, सूर एकच यायला हवा. तुमची गायची पट्टी लावल्यावर वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर चढवायला अजून जागा उरलीय ना, तेही बघा. आषाढात हवा ओली झाली की कातडं सैल पडतं, तेव्हा हीच जागा कामी येते.

धुम्याला, म्हणजे डाव्या, खर्जाच्या तोंडाला, कणीक लावूनच आवाज ऐका. घरून भिजवून न्या, दुकानात हमखास नसते.